पीक गेलं ते दिसतं, रान गेलं ते मोजावं लागतं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा आणि मांजरा पात्र सोडून सोलापूर, धाराशिव, बीड, लातूरच्या शिवारांत शिरल्या. बातम्यांत दिसलं ते बुडालेलं सोयाबीन आणि वाहून गेलेली जनावरं. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या कित्येक शेतांत काळ्या रानाच्या जागी मुरूम उघडा पडला होता आणि विहिरी गाळाने बुजल्या होत्या. त्याकडे लक्ष गेलं ते उशिरा.

सीनाकाठी आमचंही थोडं रान आहे. पंचनाम्याच्या कागदावर आधी फक्त ‘सोयाबीन बाधित’ एवढंच लिहिलं गेलं. जमीन खरडल्याची नोंद आग्रह धरून वेगळी करून घ्यावी लागली. आसपासच्या अनेकांनी ती करून घेतलीच नाही.

फरक मोठा आहे. आपत्ती मदतीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, शेतात तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू साचली तर १८,००० आणि जमीनच वाहून गेली तर ४७,००० रुपये असे वेगवेगळे दर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडलेल्या जमिनीसाठी या ४७,००० रुपयांखेरीज रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामांची तरतूद केली.

तीन लाख ऐकायला भरपूर वाटतात. हिशेब मांडला की चित्र बदलतं. एका हेक्टरवरून सहा इंच माती गेली, तर ती सुमारे ५४० ब्रास भरते. म्हणजे ब्रासमागे साडेपाचशे रुपये, आणि त्यातच खोदाई, वाहतूक, पसरणी सगळं बसवायचं. टिप्परचं भाडं ठाऊक असलेल्या कोणालाही हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय गेलेली माती म्हणजे नुसती भर नसते. सेंद्रिय कर्ब, नत्र, जिवाणू आणि गांडुळं यांचा बहुतेक वावर वरच्या वीतभर थरात असतो. खालच्या मुरमात यातलं फारसं काही नसतं आणि पाणीही टिकत नाही. बेसॉल्ट खडक झिजून इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तिला वाहून न्यायला एक रात्र पुरते. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरायचं थांबतं आणि सगळा लोंढा उताराने धावतो. त्याच्या वाटेत बांध फुटलेला असेल, तर ओघळ तिथूनच सुरू होते.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आधी टेप घ्यावा. बांधाचा पाया, विहिरीचा कठडा किंवा विजेचा खांब यांपैकी न हललेली खूण धरून किती इंच माती गेली ते मोजावं, फोटो काढावेत आणि पंचनाम्यात जमीन व पीक यांची नोंद वेगवेगळी असल्याची खात्री सही करण्याआधी करावी.

वाफसा येईपर्यंत शेतात जेसीबी किंवा ट्रॅक्टर घालू नये. ओल्या काळ्या रानात चाकांखाली माती दबून घट्ट होते, आणि उरलेला थरही बिघडतो.

मातीच्या आधी बांध. फुटलेला बांध बांधून, जादा पाणी काढायला दगडी सांडवा केल्याशिवाय भर टाकली, तर ती पुढच्या पावसात नदीत जाते. तलावातला गाळ ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेतून मिळू शकतो, पण आणण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. काही गाळ क्षारयुक्त असतो, काहीत नुसती वाळू. चिकण गाळाचा जाड थर एकदम दिला तर वर पापडी धरते. दोन-तीन इंच पसरावा, शेणखतासह मिसळावा, पुढच्या हंगामात पुन्हा द्यावा.

पहिल्या पावसाळ्यात नगदी पिकाचा मोह टाळता आला तर उत्तम. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस दिवसांनी गाडला, तर रानाला कर्ब आणि नत्र दोन्ही मिळतं. त्यानंतर मूग, उडीद, हरभरा अशी डाळवर्गीय पिकं घ्यावीत. नदीकडच्या कडेला गवत किंवा बांबू लावून ठेवावा.

एवढं करूनही रान पूर्वपदावर यायला काही वर्षं जातात, आणि मदतीचे निकष मात्र एका हंगामाचे असतात. तेव्हा पंचनाम्याचा कागद पुढे आला की त्यावर जमिनीचा रकाना भरला आहे का, ते आधी पाहा.