चौथ्यांदा रिकव्हरी लावू नकोस

चि. बाळास,


काल फोनवर तू म्हणालास, विंडोजची रिकव्हरी तीनदा लावली आणि तिन्ही वेळा मध्येच ब्लू स्क्रीन येऊन मशीन बंद पडलं. आता पुन्हा लावू नकोस. आजीचे फोटो डी ड्राइव्हवर आहेत म्हणून तू निश्चिंत आहेस, पण तुझ्या पीसीत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्क गेली तर दोन्ही जातील.

रिकव्हरी चालू असते तेव्हा जुनं विंडोज, त्यातले व्हायरस, बिघडलेले ड्रायव्हर यांतलं काहीच चालत नसतं. तरीही मशीन कोसळतं, तेव्हा दोष बहुधा हार्डवेअरमध्येच सापडतो. दर वेळी साधारण त्याच टक्क्याला अडकत असेल, तर डिस्कचे सेक्टर खराब झाल्याचा किंवा रिकव्हरीच्या फाइलीच बिघडल्याचा संशय घ्यावा. कधी दहा टक्क्यांवर, कधी साठवर अडकत असेल तर रॅम, उष्णता किंवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. तुझं नेमकं कुठे अडकलं ते आठवून लिहून ठेव. ब्लू स्क्रीनवरच्या कोडचा फोटो असेल तर मला पाठव.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली आहे. एका गृहस्थांच्या पीसीवर मी विंडोजचाच दोष धरून पाच वेळा रिकव्हरी लावली. मरायला टेकलेली डिस्क त्या घासाघाशीत संपली आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो डिस्कबरोबर गेले. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून आधी डिस्क काढ. ती दुसऱ्या चांगल्या पीसीला साटा-यूएसबी केबलने जोड. साडेतीन इंची डिस्कला विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो मागून घे. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, तर नाही म्हण. आधी फोटो उतरव, सिनेमे राहू देत. डिस्क टकटक वाजू लागली तर लगेच बंद कर आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे ने, घरी प्रयोग नकोत.

त्यानंतर रॅम. प्लग काढ, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, मग दोन्ही स्टिक काढून सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पूस. एकावेळी एकच स्टिक लावून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालव. एकही एरर आली तर ती स्टिक बदलायची. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडायचं नाही. प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ आणि मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर त्याच वेळी बघ. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज उरते.

केबल माझ्याकडे आहे, तेव्हा डिस्क एकट्याने जोडायची गरज नाही. शनिवारी डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून घेऊन ये, आपण मिळून आधी आजीचे फोटो उतरवू.

तुझा,
मामा