रोहित्राचा शोध : इतिहास व पाठाची दिशा

गावाच्या कडेला खांबांवर बसविलेली लोखंडी पेटी विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यातील असते. खेड्यापाड्यांत तिला ‘डीपी’ म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव रोहित्र. वीज या पेटीतच तयार होते, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ती पाठाच्या आरंभीच दूर करावी. रोहित्र वीज निर्माण करीत नाही. ते केवळ विजेचा दाब वाढविते वा उतरविते. परंतु एवढ्या एका कार्यामुळेच दूरच्या वीजघरातील वीज गावोगाव जाऊ शकली.

मूळ अडचण

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे वीजघर सुरू केले. तेथील प्रवाह एकाच दिशेने वाहणारा व दाब सुमारे ११० व्होल्ट होता. त्यामुळे मैलभराच्या पलीकडे वीज नेणे परवडत नसे. याचे कारण साध्या गणिताने दाखविता येते. १०,००० वॅट शक्ती १०० व्होल्ट दाबाने पाठविली, तर तारेतून १०० अँपिअर प्रवाह जातो. तारेचा रोध अर्धा ओहम धरल्यास १०० × १०० × ०.५, म्हणजे ५,००० वॅट उष्णतेच्या रूपाने वाया जातात. तीच शक्ती १,००० व्होल्टने पाठविल्यास प्रवाह १० अँपिअर होतो व नाश केवळ ५० वॅट. दाब दहापट केला की नाश शंभरांश होतो. एक रुपयाची शंभर नाणी वाहण्याऐवजी शंभराची एक नोट न्यावी, तसाच हा प्रकार. मात्र घरात एवढा दाब प्राणघातक ठरेल. म्हणून वाटेत ‘नोट’ करणारे व मुक्कामी ती ‘मोडून’ देणारे साधन हवे होते.

शोधाची वाटचाल

या साधनाचे बीज फॅरडेच्या प्रयोगात होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकात प्रवाह सुरू करताना व बंद करताना दुसऱ्यास जोडलेली सुई क्षणभर हलली. प्रवाह स्थिर असता ती हलली नाही. बदलत्या प्रवाहाचाच परिणाम दुसऱ्या वेटोळ्यावर होतो, हे यावरून सिद्ध झाले. म्हणूनच रोहित्रास दिशा पालटणारा प्रवाह लागतो.

पुढे फ्रान्सचा गोलार व इंग्लंडचा गिब्ज यांनी १८८४ साली इटलीतील तुरीन येथील प्रदर्शनात आपली योजना मांडली आणि सुमारे ४० किलोमीटरवरील लान्झोपर्यंत वीज नेऊन दाखविली. परंतु त्यांची रोहित्रे एकामागोमाग एक जोडलेली होती. एका ठिकाणचे दिवे मालवले की इतरांच्या दाबात फरक पडे. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी सोडले, तर मधल्या वाफ्यातील अडथळा पुढच्या सर्वांस भोवतो. तसेच हे झाले.

हा दोष १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघा अभियंत्यांनी दूर केला. त्यांनी लोखंडी गाभा पूर्ण मिटविला आणि पाटावरून प्रत्येक वाफ्यास स्वतंत्र दारे द्यावे, त्याप्रमाणे प्रत्येक रोहित्र मुख्य तारांस स्वतंत्रपणे जोडले. शेजारचा दिवा मालवला तरी आपला दिवा तसाच तेवत राहू लागला. भरवशाच्या वीजपुरवठ्याचा पाया येथे घातला गेला. मार्च १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन गावची दुकाने याच तत्त्वाने उजळली. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून १७५ किलोमीटरवरील फ्रँकफुर्टला वीज नेण्यात आली, तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश शक्ती मुक्कामी पोहोचली. महाराष्ट्रात १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून मुंबईस वीज जाऊ लागली.

गोलारला मात्र हे यश पाहावयास मिळाले नाही. १८८८ साली पॅरिसच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याची योजना सदोष होती. तथापि तिचे दोष दिसले म्हणूनच पुढील सुधारणा झाली. चुकलेल्या उत्तरातूनही ज्ञान पुढे सरकते, हा बोध फळ्यावर चुकणाऱ्या मुलास अवश्य द्यावा.

पाठ घेताना

लोखंडी बोल्टवर आवरण असलेल्या तांब्याच्या तारेची शेकडो वेढ्यांची दोन वेटोळी गुंडाळावी. एकास टॉर्चचे सेल क्षणभर जोडावे व काढावे. दुसऱ्याची तार बोल्टपासून दूर ठेवलेल्या होकायंत्राभोवती वीस-पंचवीस वेळा फिरवावी. सुईची हालचाल सूक्ष्म असते, म्हणून शिक्षकांनी प्रयोग आधी स्वतः करून पाहावा. घरातील वीज या प्रयोगास कदापि वापरू नये.

गावच्या रोहित्रात ११,००० व्होल्टचा दाब येतो. त्याच्या कुंपणाजवळ खेळणे, त्यावर अडकलेला पतंग काढणे किंवा उडालेला फ्यूज परस्पर बसविणे जिवावर बेतते. ही ताकीद मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंतही पोहोचवावी.

विचारावयाचे प्रश्न

१. दाब वाढविल्यास तारेतील नाश का घटतो?
२. सेलचा स्थिर प्रवाह रोहित्रास का चालत नाही?
३. एका घरचा दिवा मालवला तरी दुसऱ्या घरचा का मालवत नाही?