आठव्या वर्षी

१. कारण सापडलंच पाहिजे, या हट्टानं आधी आईच थकते. लेक तिसरीत असताना तिच्या छातीत बदल दिसू लागले आणि घरात शोध सुरू झाला. नणंद म्हणाली, "वहिनी, दूध बंद करा, म्हशींना इंजेक्शनं देतात." सासूबाईंचा रोख ब्रॉयलर कोंबडीवर. डॉक्टरांनी समजावलं, की पान्हा सुटावा म्हणून टोचतात ते ऑक्सिटोसिन पोटात गेल्यावर पचून जातं. वयात येण्याशी त्याचा संबंध नाही. आठ वर्षांच्या आत बदल दिसले तर तपासणी करायची खरी, पण बहुतेक मुलींमध्ये ठोस कारण सापडत नाही. मला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली. दोषी सापडला असता तर त्याला घराबाहेर तरी काढता आलं असतं.

२. चरबी नुसती अंगावर बसून राहत नाही. तिच्यातून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं आणि साठा पुरेसा झाल्याचा निरोप मेंदूला पोचवतं. म्हणून वजनदार मुली बहुधा लवकर वयात येतात. माझी लेक मात्र काटकुळी.

३. जीवनशैली म्हणजे वेफर्स आणि मोबाइल, एवढीच माझी समजूत होती. मग एक अभ्यास वाचनात आला. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा, १९९१ साली प्रसिद्ध झालेला. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना ११.६ वर्षांच्या आतच पहिली पाळी आली होती. तिथल्या मुलींना ती साधारण तेराव्या वर्षी येते. आधी कुपोषण, मग एकाएकी भरपूर अन्न आणि झपाट्यानं वाढ. मायेचं घर मिळालं, पोट भरलं, आणि बालपण मात्र लवकर सरलं. त्या मुली माझ्या मनातून जातच नाहीत. चांगलं खाऊ घालणाऱ्या कुठल्या आईला यात दोष द्यायचा?

४. लॉकडाउननंतर इटलीत, तुर्कस्तानात आणि आपल्या पुण्यातही अशा मुली जास्त संख्येनं डॉक्टरांकडे येऊ लागल्या. खेळ बंद, झोप विस्कटलेली, वजन वाढलेलं, घरात ताण. यातलं नेमकं काय भोवलं, ते वेगळं काढणं अवघड आहे. आम्ही संध्याकाळी मैदान आणि रात्री वेळेवर झोप एवढं धरून ठेवलं. ते तिच्या भल्याचंच आहे, वयात येणं त्यानं लांबो वा न लांबो.

५. डाव्या हाताचा एक्स-रे हाडांचं वय सांगतो, हे मला नवीन होतं. हाडं लवकर पक्की झाली तर मुलगी आधी भराभर उंच होते आणि मग उंची लवकर थांबते. बदलांचा वेग जास्त असेल तर ते रोखून धरणारी इंजेक्शनं असतात. ती थांबवली की शरीर पुन्हा आपल्या वाटेनं जातं. लेकीचा वेग मंद निघाला. आम्ही ठरावीक काळानं फक्त तपासणी करत राहिलो.

६. सगळ्यात जड गेलं ते लोकांचं बघणं. शरीर पुढे गेलं तरी ती भातुकली मांडणारी, रात्री गोष्ट मागणारी आठ वर्षांचीच होती. "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस," असं तिला कुणी म्हटलं, की मी तिथल्या तिथे थांबवायचे. पाळीबद्दल मी तिला ती येण्याआधीच सांगितलं, साध्या शब्दांत, तिच्या बाबांसमोर. शाळेत बाईंनाही भेटले. म्हटलं, हिच्या दप्तरात पॅड असेल. मधल्या सुट्टीत हिला पळू द्या.