माणसांचा कंटाळा आला असेल, तर येऊ नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. ‘ताई, मला शहरातल्या वन्यजीवांवर काम करायचंय, घरी सगळे बँकेच्या परीक्षेचं धरून बसलेत, काय करू?’ घरच्यांचं मागाहून बघू. शेवटी तू हळूच जे घातलं आहेस ना, ‘तसंही मला माणसांपेक्षा प्राणी जास्त कळतात’, त्याबद्दल आधी बोलू. प्रोजेक्टसाठी मुलाखतीला येणाऱ्या निम्म्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य असतं. ते आलं की मी सरळ चहा मागवते, कारण पुढचं बोलणं लांबणार हे कळलेलं असतं.

माणसांचा कंटाळा आला म्हणून या वाटेला येत असशील, तर येऊ नकोस. शहरातलं आमचं काम निम्म्याहून जास्त माणसांचं असतं. वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, पाड्यावरच्या आजी, घंटागाडीवरची बाई, वनरक्षक, वॉर्ड ऑफिसमधला क्लार्क. यांच्याशी बोलायला जीभ अडखळत असेल तर हरकत नाही, ते सवयीने जमतं. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे खऱ्या कामातला अडथळा असं वाटत असेल, तर मात्र दोन वर्षांत तू वैतागशील.

बिबट्याचं बघ. २००१ च्या सुमाराला जुन्नर भागात बिबटे पकडून लांब सोडायची मोहीम निघाली. उसात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, सापडला की उचलून दूरच्या जंगलात सोडायचा. सगळ्यांना वाटलं, मिटलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा चित्र उलटंच निघालं. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते मोहिमेनंतर १७ वर गेले. त्यातले जिवावर बेतणारे हल्ले १८ टक्के होते, ते ३६ टक्के झाले. अनोळखी मुलुखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि आपल्या जागेकडे परतायला निघतं तेव्हा वाटेत वस्त्याच वस्त्या लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. आता सांग, इथे चूक बिबट्याच्या अभ्यासात होती का? ‘उचला आणि न्या’ हा तोडगा लोकांच्या दबावातून आला होता. तो दबाव कुठून येतो, कोण आणतं, कशाने निवळतो, हे कळल्याशिवाय बिबट्याची शरीररचना तोंडपाठ असून काय उपयोग?

‘आजोबा’ सिनेमा तू पाहिला असशील, २०१४ चा, ऊर्मिला मातोंडकरचा. त्यातला बिबट्या खरा होता. २००९ मध्ये तो टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडला होता. वर काढून त्याला रेडिओ कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. गडी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, रस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत कुणाच्या अंगावर गेला नाही. २०११ मध्ये घोडबंदरच्या बाजूला गाडीखाली सापडून मेला. लोकांना त्याच्या प्रवासाचं कौतुक वाटतं. मला आणखी एका गोष्टीचं वाटतं. एवढ्या प्रवासात तो किती अंगणांच्या कडेने गेला असेल आणि घरातल्यांना पत्ताही लागला नसेल! अकोले तालुक्यात याच मंडळींनी कॅमेरे लावले. ऊस, टोमॅटो, वस्ती, शाळा, एस.टी. थांबा, म्हणण्यासारखं जंगल नाही. तरी १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले. खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. तितकीच तरसंही होती, पण त्यांच्यावर सिनेमा कोण काढतो.

कुत्रे आले की कचरा आला, आणि कचरा आला की नगरपालिका. शहरात प्रत्येक प्राण्याची वाट शेवटी अशीच कुठल्यातरी कार्यालयाच्या दारात जाते. संजय गांधी उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, आणि तीन बाजूंनी शहर त्याला चिकटलेलं. २०१५ च्या मोजणीत तिथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे ओळखता आले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून. त्याआधी २०११ मध्ये वनविभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला होता. त्यात संशोधकांनी जंगलाबरोबरच पोलीस आणि पत्रकारांबरोबरही वेळ घालवला. बिबट्या दिसल्यावर गर्दी कशी हटवायची, ‘नरभक्षक’ असा मथळा देण्याआधी काय विचारायचं, हेही त्या कामातच धरलं होतं. पाड्यांमध्ये पहाटे अंधारात उघड्यावर शौचाला बसलेली मुलं फार धोक्यात असतात, कारण बसलेलं मूल उंचीला लहान जनावराएवढं दिसतं. म्हणजे तिथे बिबट्यावरचा उपाय काय? जवळ संडास आणि एक दिवा. हे तुला प्राणिशास्त्राच्या कुठल्या पेपरात विचारलं होतं?

याच पट्ट्यात वाघोबाची ठाणी आहेत. काही वर्षांपूर्वी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमध्ये वारल्यांच्या वाघोबाचा अभ्यास झाला, तेव्हा अशी दीडशे ठाणी नोंदवली गेली. शेंदूर लावलेला लाकडी किंवा दगडी वाघोबा, वाघबारसेला त्याची पूजा, कोंबडा, नारळ. त्याला मान दिला की तो आपल्याला सांभाळतो असा विश्वास. मात्र हे ऐकून लगेच ‘आदिवासी निसर्गाशी एकरूप असतात’ असलं काही लिहू नकोस. त्यांचीही शेळी गेली की त्यांना राग येतो, नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनाही करावा लागतो. त्यांच्याकडे एवढंच जास्त आहे की शेजारी बिबट्या राहतो हे धरूनच त्यांचा दिवस सुरू होतो. सोसायटीतल्या माणसाला सीसीटीव्हीत तो दिसतो तेव्हा धक्का बसतो, कारण त्याच्या लेखी बिबट्या त्याच रात्री पहिल्यांदा आलेला असतो.

कोथरूडचा गवा आठवतो? डिसेंबर २०२०. तो वाट चुकून वस्तीत शिरला, मागे माणसांचा लोंढा, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पळून पळून, दमून आणि घाबरून मेला बिचारा. दुसऱ्या दिवशी पुण्यात हळहळ झाली, लोकांनी श्रद्धांजलीचे फलक लावले. आणि मागे धावणारे कोण होते? तेही निसर्गप्रेमीच की! त्यातल्या बऱ्याच जणांना गवा खरोखर बघायचा होता. या ‘बघायचं होतं’चं काय करायचं, हा माझ्या मते आपल्या शहरांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो सोडवायला गव्याची फार माहिती लागत नाही.

तसंच कबुतरांचं. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढं रणकंदन झालं. एका बाजूला फुप्फुसाच्या आजाराने धापा टाकणारी माणसं, दुसऱ्या बाजूला जीवदया म्हणून पिढ्यानपिढ्या दाणे टाकणारी माणसं. माझं मत विचारशील तर दाणे घालणं थांबलं पाहिजे. पण दाणे टाकणाऱ्या म्हातारीला मूर्ख समजणाऱ्या संशोधकाला मी कामावर घेणार नाही. तिच्या दिवसात सजीवाशी येणारा तेवढाच संबंध असेल. तो काढून घेतलास तर त्या जागी तिला काय देणार, याचा विचार तुझ्या प्रस्तावात पाहिजे.

आता पोटापाण्याचं. एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरूचं एनसीबीएस ही दोन नावं तुला कुणीही सांगेल. जागा मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, तेव्हा आधी चौकशी कर. नाही मिळालं तर आभाळ कोसळत नाही. पुण्यात गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा अभ्यासक्रम आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे, आणि नोकरी सांभाळून शिकायचं तर इकॉलॉजिकल सोसायटी आहे. कुठेही गेलीस तरी संख्याशास्त्र टाळू नकोस. त्यासाठीची ‘आर’ नावाची संगणकप्रणाली मन लावून शीक. कविता करणारे पुष्कळ येतात गं, आकडे नीट मांडणारे कमी. आणि सोबत समाजशास्त्र वाच. प्रश्नावली कशी बनवायची, मुलाखतीत गप्प कसं बसायचं, हे आमच्या लोकांना कुणी शिकवत नाही, आणि मग अहवालात दिसतं.

पैसे? पहिली काही वर्षं बेताचेच. नेट परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवलीस तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. संस्थांच्या प्रोजेक्टवर बहुतेकदा त्याहून कमी, आणि तेही प्रोजेक्ट असेपर्यंत. दोन प्रोजेक्टांच्या मधले महिने हातात काही नसतं. त्यासाठी पहिल्या पगारापासून बाजूला टाकायला लाग. कागदावर पगार, विमा आणि गाडीखर्च लिहून घेतल्याशिवाय ‘अनुभव मिळेल’ म्हणणाऱ्या कुणाकडेही राबू नकोस.

आणि बाईमाणसाचं म्हणून दोन शब्द. शहरातलं फिल्डवर्क पहाटे आणि रात्री असतं, म्हणजे बिबट्यापेक्षा जास्त काळजी कुणाची करायची ते तुला ठाऊकच आहे. एकटी कॅमेरे तपासायला जायचं नाही. मार्गदर्शक कितीही मोठा असो, संडासाची सोय, सोबत आणि परतायची गाडी याबद्दल पहिल्याच बैठकीत विचार. पाळीच्या दिवसांत ट्रान्सेक्टची, म्हणजे ठरलेल्या रेषेवर नोंदी घेत जायची, चाल नको असेल तर स्पष्ट सांग, कारण शोधत बसू नकोस. वस्तीत गेलीस की आधी तिथल्या बायकांशी ओळख कर. कोल्हा खाजणातून कितीला बाहेर येतो, उदमांजर कुणाच्या माळ्यावर व्यालं आहे, हे त्यांना माहीत असतं, आणि कुठल्या गल्लीतून जायचं नाही तेही.

एक पथ्य माझ्यासाठी पाळ. ज्यांच्याकडून माहिती घेशील त्यांना ती मराठीत परत दे. इंग्रजी शोधनिबंध तुझ्या पदवीसाठी आहे. वॉर्डातल्या लोकांना पानभर साध्या भाषेतला निकाल मिळाला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलीला ते दार उघडणार नाहीत.

असल्या कामाला विचारतं कोण, असं घरी म्हणतात ना? माणसाच्या जवळ निसर्ग असला की काय फरक पडतो, ते बघ. रॉजर उल्रिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून १९८४ मध्ये एक निबंध छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, त्यातल्या काहींच्या खिडकीबाहेर झाडं आणि काहींच्या समोर विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. त्या छोट्याशा निबंधाचा आधार घेऊन आजही रुग्णालयांचे नकाशे काढतात. बँकेत जाणं वाईट नाही, पण विचारतं कोण हा प्रश्न निकालात निघालेला आहे.

तू मात्र अर्ज भरायची घाई करू नकोस. आधी स्वतःच्याच वॉर्डात वर्षभर नोंद ठेव. सगळे म्हणतात चिमण्या संपल्या. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांचा अहवाल निघाला, त्यात दिसलं की देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत कमी होते आहे. तुझ्या गल्लीत काय होतंय ते कोण लिहिणार? ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघड, फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेत भाग घे. आणि पक्ष्यांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना आख: त्या दिवशी कुणाशी बोललीस आणि ते काय म्हणाले. वर्ष झालं की वही घेऊन माझ्याकडे ये. तो दुसरा रकाना भरलेला असेल, तर तुझ्या आईशी मी बोलते.