जाणता श्रोता

इ. स. १९२५ मधील गोष्ट. जर्मनीतील बर्लिन शहरात अल्फ्रेड लायन नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. एके दिवशी स्केटिंग खेळावे म्हणून तो शहरातील एका मोठ्या क्रीडागृहात गेला. पण त्या दिवशी तेथे खेळ नव्हता. अमेरिकेहून आलेल्या सॅम वुडिंग याच्या वाद्यवृंदाची जाहिरात तेवढी भिंतीवर लागली होती. कुतूहल वाटून अल्फ्रेड त्या कार्यक्रमास गेला. वाद्यवृंदातील सर्व वादक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वाद्यांतून जे संगीत उमटले, ते त्याने पूर्वी कधीच ऐकले नव्हते. त्या संगीताने त्याचे चित्त असे वेधून घेतले, की ते जन्मभर सुटले नाही. ते संगीत म्हणजे जॅझ.

जॅझचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स या शहरात झाला. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणले होते, त्या लोकांनी हे संगीत घडवले. आपल्याकडील ख्यालगायक एकच बंदिश आज एका रीतीने खुलवतो, तर उद्या दुसऱ्या रीतीने. जॅझचा वादकही एखादी परिचित धून हाती घेतो आणि त्या क्षणी सुचेल तसा तिचा विस्तार करतो. मात्र तेथे पियानो, तुतारीसारखे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम अशी अनेक वाद्ये परस्परांशी जणू संभाषण करीत असतात. एकाने काही म्हणावे, दुसऱ्याने त्यास उत्तर द्यावे, असा तो प्रकार असतो.

या संगीताच्या ओढीने लायन तरुणपणीच न्यूयॉर्कला गेला. तेथे गोदीत हमाली करून तो पोट भरी. परदेशी माणूस आपले काम हिरावून घेतो, या रागाने एका कामगाराने त्याला बेदम मारले. तो रुग्णालयात पडला आणि अखेर जर्मनीला परतला. परंतु अमेरिकेत ऐकलेल्या संगीताची गोडी कमी झाली नाही.

पुढे १९३३ मध्ये जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. १९३५ मध्ये जर्मन नभोवाणीवर जॅझ वाजवण्यास बंदी झाली. लायन ज्यू होता. त्याने मायदेश सोडला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा न्यूयॉर्कला येऊन राहिला.

२३ डिसेंबर १९३८ रोजी तेथील कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीताचा एक मोठा कार्यक्रम झाला. अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस या दोघांचे पियानोवादन लायनने तेथे ऐकले. त्यांचा डावा हात आगगाडीच्या चाकांप्रमाणे अखंड ताल धरी आणि उजवा हात त्यावर स्वरांची आतषबाजी करी. लायन भारावून गेला. या संगीताचे जतन झाले पाहिजे, असे त्याला वाटले. अवघ्या दोन आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्याने एक ध्वनिमुद्रणगृह भाड्याने घेतले आणि त्या दोघांचे वादन मुद्रित केले. लायनला स्वतःला कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते. तो केवळ श्रोता होता.

अशा रीतीने एक लहानशी कंपनी उभी राहिली. तिचे नाव ‘ब्लू नोट’, म्हणजे ‘निळा स्वर’. जॅझमध्ये काही स्वर नेहमीच्या जागेपासून किंचित खाली उतरवून लावतात. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कोठेतरी तो स्वर रेंगाळतो आणि मनाला हुरहूर लावतो. त्या स्वराचेच हे नाव होय.

त्या काळी जॅझच्या तबकड्या बहुधा दहा इंची असत. अशी तबकडी सुमारे तीन मिनिटांत संपे. तेवढ्यात वादकाने आपले म्हणणे कसेबसे आटोपावे लागे. लायनने पहिल्या तबकड्या बारा इंची काढल्या. त्यामुळे वादकास अधिक अवकाश मिळाला. त्याच वर्षी सिडने बेशे या थोर वादकाला ‘समरटाइम’ हे गीत सॅक्सोफोनवर वाजवायचे होते. इतर कंपन्यांनी ते नाकारले होते. लायनने त्याला संधी दिली. ती तबकडी चांगली खपली आणि कंपनीचे पाऊल स्थिर झाले.

त्याच सुमारास फ्रान्सिस वुल्फ हा लायनचा बर्लिनमधील बालमित्रही जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला आला. तो छायाचित्रकार होता. वादनात तल्लीन झालेल्या कलावंतांची त्याने काढलेली छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली. दोघे मित्र मिळून कंपनीचा कारभार पाहू लागले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९४७ मध्ये. थेलोनियस मंक नावाचा तीस वर्षांचा एक पियानोवादक त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होता. त्याचे वादन विलक्षण होते. तो शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबी. ऐकणाऱ्यास वाटे, बोट चुकून पडले! जेथे स्वर हवासा वाटे, तेथे तो स्तब्ध राही. जेथे कोणी अपेक्षा करीत नसे, तेथे नेमका स्वर उमटे. पुष्कळांना ते वादन ओबडधोबड वाटले. लायनला मात्र त्यात एक नवीन आणि पक्की रचना ऐकू आली. चुकीसारखा वाटणारा प्रत्येक स्वर नेमका आणि विचारपूर्वक योजलेला आहे, हे त्याने ओळखले.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी मंकचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. पण तबकड्या खपेनात. टीकाकारांपैकी थोड्यांनीच त्यांची वाखाणणी केली. लायनची पत्नी लोरेन त्या तबकड्या घेऊन दुकानोदुकानी फिरली, तेव्हा या माणसाला पियानो वाजवताच येत नाही, असे तिला ऐकावे लागले. एखाद्या व्यापाऱ्याने येथेच हात आखडता घेतला असता. लायनने तसे केले नाही. त्याने १९५२ पर्यंत मंकचे वादन पुनःपुन्हा मुद्रित केले. लोकांचे कान तयार होण्यास वेळ लागेल, पण तोवर हे संगीत नाहीसे होता कामा नये, अशी त्याची धारणा होती.

लोकांचे कान हळूहळू तयार झाले. १९५७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लहानशा क्लबात मंकला ऐकण्यास गर्दी लोटू लागली. १९६४ मध्ये ‘टाइम’ या साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याची ‘राउंड मिडनाइट’ ही रचना आज जगभरचे जॅझवादक वाजवतात.

लायनचा हा उत्साह भाबडा नव्हता. त्यामागे शिस्त होती. ध्वनिमुद्रणापूर्वी वादकांनी एकत्र तालीम करावी, असा त्याचा आग्रह असे आणि त्या तालमीचेही पैसे तो त्यांना देई. लहान कंपन्यांत ही रीत क्वचितच आढळे. त्याला रूडी व्हॅन गेल्डर हा कुशल ध्वनिमुद्रकही मिळाला. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्मे देई आणि सायंकाळी आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करी! वादन रंगले, की लायन खोलीत नाचू लागे. त्याची पावले तालात पडत नसत. पण तो नाचू लागला म्हणजे वादन उत्तम झाले, हे वादकांनी ओळखावे. संगीतात ‘स्विंग’, म्हणजे ऐकणाऱ्यास डोलवणारी लय, असलीच पाहिजे, असे तो नेहमी सांगे. जर्मन उच्चारामुळे तो त्यास ‘श्विंग’ म्हणे आणि वादक त्यावर प्रेमाने हसत.

लायनचा प्रत्येक निर्णय यशस्वी झाला असे नाही. हर्बी निकल्स या पियानोवादकाचे संगीत त्याने १९५५-५६ मध्ये मोठ्या आशेने मुद्रित केले. ते फारसे खपले नाही. निकल्स १९६३ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी मरण पावला. त्याची थोरवी लोकांना त्यानंतर कित्येक वर्षांनी उमगली. त्या वेळी ती उमगली, कारण त्याचे वादन तबकड्यांत शिल्लक होते.

काळाबरोबर जॅझ अधिक साहसी होत गेले. एरिक डॉल्फी हा वादक पक्ष्यांचे कूजन मन लावून ऐके व बासरीवर त्यांना साथ करी. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी त्याने ब्लू नोटसाठी ‘आउट टू लंच’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यातील ड्रमवादक टोनी विल्यम्स अवघा अठरा वर्षांचा होता. या ध्वनिमुद्रिकेतील स्वर अनपेक्षित उड्या घेतात, ताल मोडल्यासारखे वाटतात आणि पुन्हा जुळतात. त्यानंतर चारच महिन्यांनी ३६ वर्षांचा डॉल्फी परदेशात आजारी पडून निवर्तला. तो वारला ते शहर बर्लिन होते. ज्या शहरात एका मुलाने प्रथम जॅझ ऐकले, त्याच शहरात त्या संगीताच्या एका धाडसी प्रवाशाचा अंत झाला.

प्रकृती साथ देईना, म्हणून लायन १९६७ मध्ये निवृत्त झाला. तोपर्यंत कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली होती. वुल्फ १९७१ मध्ये वारला. लायन दीर्घकाळ लोकांच्या दृष्टीआड राहिला. १९८६ मध्ये मात्र जपानात फुजी पर्वताच्या परिसरात भरलेल्या जॅझ महोत्सवास त्याला सन्मानाने बोलावण्यात आले. ज्याने कधी एक स्वरही वाजवला नव्हता, त्या वृद्धाचे तेथील रसिकांनी मोठ्या प्रेमाने स्वागत केले. पुढच्याच वर्षी तो निधन पावला.

कलावंताला प्रतिभा लागते, तसा त्याला श्रोताही लागतो. अपरिचित स्वर कानी पडताच पुष्कळ लोक पाठ फिरवतात. जाणता श्रोता मात्र थांबतो, पुन्हा ऐकतो आणि जे त्याला उमगले, ते इतरांसाठी जपून ठेवतो. अल्फ्रेड लायन असा श्रोता होता.

स्वाध्याय

१. बर्लिनमध्ये वुडिंगचा वाद्यवृंद ऐकल्याने लायनच्या आयुष्यास कोणते वळण लागले?
२. ख्यालगायन व जॅझ यांत कोणते साम्य आणि कोणता फरक सांगितला आहे?
३. मंकचे वादन लोकांना का रुचले नाही? लायनला त्यात काय आढळले?
४. ‘लायनचा हा उत्साह भाबडा नव्हता.’ हे विधान पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : हात आखडता घेणे, चित्त वेधून घेणे, कसोटी लागणे.
६. प्रथम न आवडलेले, परंतु पुन्हा ऐकल्यावर आवडू लागलेले एखादे गीत किंवा वादन यांविषयी दहा ओळी लिहा.