गुडाकेश : एका विरळ नावाचा विचार

श्रीमद्भगवद्गीतेत अर्जुनाला अनेक नावांनी संबोधिले आहे. त्यांपैकी पार्थ आणि धनंजय ही नावे महाराष्ट्रात घरोघरी रुळली. भगवंताचे हृषीकेश हे नावही मराठी कुटुंबांत परके राहिले नाही. परंतु त्याच हृषीकेशाच्या जोडीने येणारे गुडाकेश हे नाव पाळण्यात क्वचितच उच्चारले जाते. ज्या नावाने भगवंतांनी स्वतः अर्जुनाला हाक मारली, ते नाव लोकांनी बाजूला का ठेविले, याचा विचार बोधप्रद आहे.

नावाची व्युत्पत्ती

श्रीशंकराचार्यांनी दहाव्या अध्यायाच्या भाष्यात या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. पहिला अर्थ असा की, गुडाका म्हणजे निद्रा आणि तिचा जो ईश तो गुडाकेश. अर्थात ज्याने निद्रा जिंकली आहे असा. दुसरा अर्थ घनकेश, म्हणजे ज्याचे केस दाट आहेत असा. पहिल्या अर्थात शब्दाची फोड ‘गुडाका + ईश’ अशी होते, तर दुसऱ्यात शेवटचे पद ‘केश’ हे धरावे लागते.

येथे अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘गुडाका’ या शब्दापुढे, हा शब्द गुडाकेश या नावाच्या व्युत्पत्तीसाठीच बनविलेला आहे, अशा आशयाची नोंद आहे. म्हणजे नाव आधीचे आणि त्याचा उलगडा करणारा शब्द मागाहूनचा, असा संभव राहतो. लोकमान्य टिळकांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हृषीकेश व गुडाकेश या दोन्ही नावांच्या व्युत्पत्तीची चर्चा केली आहे. व्युत्पत्तीविषयी मतभेद असले, तरी परंपरेने ‘निद्रा जिंकणारा’ हाच अर्थ उचलून धरिला, हे निश्चित.

या अर्थाला साजेसा एक प्रसंग आदिपर्वात आहे. अर्जुनाला अंधारात कधीही अन्न वाढू नये, असे द्रोणाचार्यांनी आचाऱ्याला बजाविले होते. एके रात्री अर्जुन जेवीत असता वाऱ्याने दिवा मालवला. तरीही हात सवयीने मुखाकडेच जात राहिला. हा अभ्यासाचा महिमा आहे, हे अर्जुनाने ओळखिले आणि तो रात्रीच्या अंधारात धनुर्विद्येचा अभ्यास करू लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्य उठून आले आणि त्यांनी शिष्याला आलिंगन दिले. ही निद्रेवरील सत्ता जन्माने मिळालेली नव्हती. ती अभ्यासाने संपादिली होती.

गीतेतील चार स्थाने

गीतेत हे नाव चार वेळा येते : १.२४, २.९, १०.२० आणि ११.७. पहिली दोन स्थाने संजयाच्या मुखातील आहेत, पुढील दोन भगवंतांच्या. हा क्रम पाहण्याजोगा आहे.

पहिल्या स्थानी गुडाकेशाच्या सांगण्यावरून हृषीकेश रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करितो. दुसऱ्या स्थानी तोच गुडाकेश, आपण युद्ध करणार नाही, असे सांगून स्तब्ध होतो. ज्याने शरीराची झोप जिंकली, त्याला मोहाची झोप आवरली नाही. रात्रभर जागणारा हा धनुर्धर भर दिवसा, रणभूमीवर, कर्तव्याच्या बाबतीत जणू निजला.

पुढे दहाव्या अध्यायात भगवंत त्याच नावाने त्याला हाक मारतात आणि सर्व भूतांच्या हृदयात राहणारा आत्मा मीच, असे सांगतात. अकराव्यात पुन्हा त्याच नावाने, माझ्या देहात सर्व चराचर विश्व एकत्र पाहा, असे म्हणतात. ऐकण्याच्या आणि पाहण्याच्या या दोन अत्युच्च प्रसंगी योजलेली ही हाक जणू जागे राहण्याची आठवण आहे. शिष्य खचला म्हणून गुरूने त्याचे नाव काढून घेतले नाही.

लोकांत हे नाव का रुळले नाही?

विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली दहा नावे सांगतो : अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची आणि धनंजय. या यादीत गुडाकेश नाही. ज्ञानेश्वरीत किरीटी, पार्थ, धनुर्धर, पंडुसुत या हाका वारंवार ऐकू येतात. मराठी कानाला जी नावे ओवीतून आणि कीर्तनातून परिचित झाली, ती नावे पाळण्यापर्यंत पोहोचली.

याउलट धनंजय या नावाला मोठ्या माणसांचाही आधार मिळाला. अर्थशास्त्रज्ञ व सहकारी चळवळीचे प्रवर्तक धनंजयराव गाडगीळ (१९०१–१९७१) यांनी ते गाजविले. चरित्रकार धनंजय कीर (१९१३–१९८४) यांचे मूळ नाव अनंत होते. धनंजय हे नाव त्यांनी पुढे धारण केले. अर्थ स्पष्ट, उच्चार सोपा आणि धारण करणारे कीर्तिमंत, अशी तिहेरी अनुकूलता गुडाकेशाला लाभली नाही. त्यात ‘गुडा’ हा आरंभ मराठी कानाला गुडघ्याची आठवण करून देतो, आणि हाक मारताना नाव आखूड करण्याची आपली सवय अशा नावाची थट्टाच करील.

शास्त्राची मात्र हरकत दिसत नाही. पारस्करगृह्यसूत्राप्रमाणे मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोषवर्ण असावा आणि मध्ये अंतःस्थ वर्ण असावा. गुडाकेश चार अक्षरी आहे आणि ‘ग’ हा घोषवर्ण आहे. मध्ये अंतःस्थ तेवढा नाही. हृषीकेशाची गतही तशीच आहे, तरी ते नाव चालते. जन्मनक्षत्रावरून पाहिल्यास ‘गू’ हे धनिष्ठेच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर होय. अडचण शास्त्राची नसून सवयीची आहे.

नावाचे आद्याक्षर शोधण्याची रीत प्रांतोप्रांती निराळी आहे. चंडीगढच्या सेक्टर ३४ मध्ये गुरू तेगबहादुरांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. शीख परंपरेत नामकरणाच्या वेळी गुरुग्रंथसाहिब उघडून जे वचन निघेल, त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवितात. ज्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, तोच हा ग्रंथ. तेथे एकच नाव मुलालाही चालते आणि मुलीलाही. पुढे सिंह किंवा कौर जोडले की झाले. आपण नक्षत्राचे अक्षर घेतो, ते ग्रंथाचे घेतात. बाळाचे नाव केवळ आपल्या लहरीने ठरू नये, ही भावना दोहोंकडे एकच.

सातासमुद्रापार

मायदेशी विरळ असलेले हे नाव दूरदेशी मात्र ऐकू आले. १८३८ पासून भारतीय मजूर करारावर ब्रिटिश गियानात नेले गेले. त्यांतील पुष्कळांनी आपला धर्म, सण आणि नावे सोबत नेली व जपली. त्याच गियानात १९९५ साली जन्मलेला गुडाकेश मोती हा डावखुरा फिरकी गोलंदाज वेस्ट इंडीजच्या संघात आला. २०२३ च्या फेब्रुवारीत झिंबाब्वेविरुद्ध बुलावायो येथील कसोटीत त्याने १३ बळी घेतले. तेव्हा क्रीडावृत्ते वाचणाऱ्या कित्येकांनी गीतेतील हे नाव एका माणसाचे नाव म्हणून प्रथमच पाहिले असेल.

नाव आणि साधना

आता मुख्य प्रश्न. ‘निद्रा जिंकणारा’ हे नाव बालकाला देणे म्हणजे त्याच्यावर जागरणाचा भार लादणे होय काय? गीतेचे उत्तर स्पष्ट आहे. सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याप्रमाणेच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही, असे सांगितले आहे; झोप आणि जाग दोन्ही युक्त असावीत, हा तेथील नियम आहे. त्याज्य आहे ती चौदाव्या अध्यायात प्रमाद व आलस्य यांच्या पंक्तीला बसविलेली तामसी निद्रा. आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी जी जाग सांगितली आहे, ती डोळ्यांची नसून विवेकाची आहे. परीक्षेसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या मुलाला त्याच्या आईबापांनी हा भेद अवश्य समजावून सांगावा.

यावरून असे दिसते की, नाव हे प्रशस्तिपत्र नव्हे. ते गंतव्याचे चिन्ह आहे. गुडाकेश म्हणविणारा अर्जुनही एकदा मोहात पडला आणि अठराव्या अध्यायात मोह नष्ट झाल्याचे त्याने स्वमुखाने सांगितले. या दोहोंच्या मधला जो संवाद, तीच गीता. मुलाचे नाव गुडाकेश ठेवा वा न ठेवा. ज्या नावाने त्याला हाक मारावयाची, त्याचा अर्थ त्याला समजेल अशा वयात एकदा तरी प्रेमाने सांगावा. अर्थ कळल्यावर तीच हाक त्याला आयुष्यभर जागे करीत राहील.