दर शेवटी टाकायचा

पोरी, भोसरीतलं वर्कशॉप हातात घेतलंस, आता सरकारी टेंडरही भरायचं म्हणतेस. भर की. चाकणच्या गाडी कंपन्यांनी शेड्यूल कापलं की आपल्या गल्लीतली मशिनं थंड पडतात, तेव्हा दुसरं गिऱ्हाईक हवंच. फक्त या गिऱ्हाइकाचा स्वभाव वेगळा.

केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या 2016 साली सुरू झालेल्या जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर खरेदी करतात. महापालिका आणि राज्याच्या खात्यांसाठी महाटेंडर्स पोर्टल बघ, रेल्वेसाठी आयआरईपीएस. लांब जायची गरज नाही. देहूरोडची आयुध निर्माणी आणि खडकीचा दारूगोळा कारखाना ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, पण सरकारी कचेऱ्या चालू असतात. तो दिवस टेंडरसाठी राखून ठेव.

सूक्ष्म-लघु उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे मोजू नकोस. नोंदवताना उत्पादन म्हणूनच नोंदव, कारण निव्वळ व्यापाऱ्याला केंद्राच्या खरेदी धोरणाचे फायदे मिळत नाहीत. 2012 च्या त्या धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, त्यात 3 टक्के महिला मालकांकडून. हे वर्षभराचं उद्दिष्ट आहे, प्रत्येक टेंडरमधला राखीव वाटा नव्हे. केंद्राच्या टेंडरात अशा उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते. महापालिकेत तेच गृहीत धरू नकोस, तिथे अटी वाच. आणि ऑर्डर लागल्यावरची सुरक्षा अनामत द्यावीच लागते, तेव्हा बँकेशी आधीच बोलून ठेव.

माणसं बाद होतात ती बहुतेक पहिल्या, म्हणजे कागदपत्रांच्या लिफाफ्यातच. पॅनवर एक नाव, जीएसटीवर दुसरं, उद्यमवर तिसरं. सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन क्रमांक नाही. शुद्धिपत्रक निघालं ते कोणी पाहिलंच नाही. पहिला लिफाफा नापास झाला की दुसरा, दराचा, उघडत नाहीत, मग दर कितीही चोख असो. डिजिटल सहीचं, म्हणजे डीएससीचं टोकन टेंडर भरून देणाऱ्याच्या खणात ठेवू नकोस. ती तुझी सही आहे.

आता दर. एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा, व्हायच्या हट्टापायी पडेल भावाने भरणारे पुष्कळ, आणि ऑर्डर घेऊन रडणारेही तेच. तुला तसं करायची गरज नाही. समज, एल-वनचा दर 100 आला आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग नाही. तुझा दर 115 पर्यंत असला, तर 100 ला देतेस का असं तुला विचारलं जातं, आणि टेंडरचं प्रमाण विभागता येत असेल तर निदान 25 टक्के माल तुझ्या वाट्याला येऊ शकतो. अशा पात्र छोट्या कारखानदारांत तो वाटून जातो. एल-वन स्वतःच लघु उद्योग असेल तर ही सोय नाही. म्हणून दर भरण्याआधी दोन आकडे वहीत लिही. एक भरायचा, दुसरा ज्याच्या खाली काम नाकारायचं. सळीचा भाव, प्लेटिंग, तपासणीला जाणारे दिवस, वाहतूक, कॅश क्रेडिटचं व्याज, सगळं धरून. दुसरा आकडा कोणाला दाखवू नकोस, मलासुद्धा.

पैसे उशिरा येतात हे धरूनच चाल. जेमवर माल स्वीकारल्याचा दाखला निघाला की 10 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, पण दाखलाच अडकतो. एमएसएमई कायद्यात, करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांपलीकडे मुदत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. पण उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असू दे, नाहीतर वाद उद्भवतो. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर कायद्याने तो स्वीकारला असं धरतात. हे दिवस मोजायला तारीख लागते. म्हणून ड्रायव्हरला बजावून ठेव: चलनावर तारखेसह शिक्का मिळाल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर काढायचा नाही.